उंबरावरचे जोडे

आमच्या मालकाला जोड्याचा लई राग. लग्नात माझ्या बहिणीनं त्यांचे जोडे पळवले, तर हा माणूस म्हणतो कसा, "ठेव तुलाच, मला चावतेत." बहीण रडकुंडीला आली. मला तवाच कळायला पाहिजे होतं.

आम्ही मूळचे सिल्लोडकडचे, पण आता ऱ्हातो इथंच, संभाजीनगरात. मालक, म्हणजे कडूबा, झाडावर चढून फांद्या उतरवतेत, पेट्रोलवरच्या करवतीनं. आम्ही तिला मशीनच म्हणतो. मी खाली दोर धरते अन् तोंड चालवते. तोंड चालवावंच लागतं. कंबरंला दोर बांधल्याबिगर चढायचं नाय, मशीन बंद असतानाच वर ओढायचं, चालू मशीन एका हातात धरायचं नाय, खांद्याच्या वर न्यायचं नाय. हे सगळं त्यांना पाठ हाय, पण मी वरडले नाय तर पाठ असून काय उपयोग? चुलतदीर सांडू असाच अनवाणी चढला होता. त्याच्या पायाचा अंगठा गेला. तो तुटलेला अंगठा मी माझ्या डोळ्यानं बघितला हाय, चार दिवस मला भाकर गोड लागली नाय. तवाच ठरवलं, माझ्या नवऱ्याची बोटं मला सगळीच्या सगळी घरी पाहिजेत. अन् पुढच्या टोकाला लोखंडाची वाटी असलेले जाड जोडे घेऊन आले. मालक त्यांना डबे म्हणतेत. घालतेत, पण तोंड असं करतेत, जसं काय मी बेड्या ठोकल्या.

तर मागच्या उन्हाळ्यात सिडकोतल्या यमुनाआजींचं काम आलं. आजी रिटायर मास्तरीण. पूजाअर्चेला कडक, पण माणूस मायाळू. कामाआधी पोहे अन् कामानंतर चहा, असा त्यांचा कायदा. त्यांच्या अंगणात मोठा उंबर, अन् उंबराची एक जाडजूड फांदी वाळून त्यांच्या स्वयंपाकघराच्या पत्र्यावर कललेली. पाऊस-वारा सुटला की ती पत्र्यासकट खाली येणार, हे आंधळ्याला बी दिसलं असतं. महापालिकेची परवानगी आजींनी आधीच काढलेली. उंबराची क्षमा मागून झाली, नारळ फुटला, खोबरं वाटलं. मालकांनी दोर कंबरंला बांधला अन् जोड्यात पाय घालायला बसले.

"अरे कडूबा, हे काय?" आजी म्हणाल्या. "औदुंबर आहे तो. दत्तगुरूंचं स्थान. चामड्याच्या जोड्यांनी चढणार?"

बाई गं! मालकाचं तोंड असं उजळलं, दिवाळीचा बोनस मिळाल्यागत. जोडे एका फटक्यात बाजूला. "खरंय आजी. पाप लागंल. मी आपला अनवाणीच चढतो."

"चढा की," म्हणलं. "अन् उतरताना बोटं पिशवीत भरून आणा. पिशवी देऊ का?"

"आशा, देवाचं काम हाय, तोंड आवर."

"देवाचं काम देव करतो. फांदीचं काम तुम्ही करताव. अनवाणी चढला ना, तर मी दोर धरायची नाय. बघते कोण धरतंय."

आजींनी कपाळावर हात मारला. मालक माझ्याकडं बघाय तयार नाय. पत्र्यावरची फांदी तशीच. असा अर्धा तास गेला. शेवटी माझ्याच डोस्क्यात आलं. म्हणलं, "आजी, दसऱ्याला हे मशीनची पूजा करतेत. हळदकुंकू लावतेत, झेंडूची माळ घालतेत. का, तर ते हत्यार हाय. मग हे जोडे बी हत्यारच. हे घालून कधी बाजारात गेले नाय, का कुणाच्या दारात गेले नाय. तुम्ही यांची पूजा करा. मग ते जोडे राहतेत कुठं?"

आजींनी विचार केला. मास्तरीणच ती, मुद्दा पटला की मान हलते. आत गेल्या अन् तबक घेऊन आल्या. अन् काय सांगू, त्या बाईला कुठलं काम अर्धवट जमतच नाय! पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, दोन्ही जोड्यांना हळदकुंकू, अक्षता, जास्वंदीचं एकेक फूल. निरांजन ओवाळलं. घंटा वाजवली. गुळाचा नैवेद्य दाखवला. शेजारचे दोघं-तिघं घंटा ऐकून कुंपणापाशी आले, अन् काय चाललंय ते कळायच्या आधीच हात जोडून उभे राहिले.

"झालं," मी म्हणलं. "घाला आता."

मालक जोड्यापुढं हात जोडून बसलेले. डोळ्यात पाणी यायचंच बाकी. "आशा, कसं घालू? निरांजन ओवाळलंय. फूल वाहिलंय. यात आता पाय घालायचा म्हणजे..."

"अवं, म्हणजे काय?"

"माझ्याच्यानं नाय व्हायचं."

मला असा राग आला, असा राग आला, की कानशिलं तापली. चांगला तीन पोरांचा बाप, अन् जोड्याच्या पाया पडतोय! मी म्हणलं, "व्हय? नाय व्हायचं?" पाटापाशी गेले, फुलं बाजूला ठेवली, अन् माझेच दोन्ही पाय जोड्यात खुपसले. अंगणाला फेरी मारली, ठप ठप ठप. "घ्या. आता बायकोच्या पायातले जोडे झाले. देव गेला. घाला गपचूप!"

"अगं, पण देव गेला तर मग नुसते जोडेच राहिले ना!" आजी ओरडल्या. "मग औदुंबरावर कसे चालतील?"

घ्या! पूजा केली तर हे घालत नाय, अन् पूजा उतरली तर आजी चढू देत नाय. मी मटकन ओट्यावर बसले. आता रडावं का हसावं तेच कळंना. माझ्या शेजारी, उंबराच्या बुडाशी, काळ्या दगडात कोरलेल्या दत्ताच्या पादुका. आजी रोज धुतेत, गंध लावतेत. मी त्या पादुकांकडं बघितलं, अन् मग आजीकडं.

"आजी," म्हणलं, "तुमच्या दत्ताची मूर्ती कुठंय?"

"मूर्ती नाही गं. पादुका आहेत."

"म्हणजे देवाच्या पायातलंच ना? तेच उंबराला चिकटून बसलेलं चालतंय, अन् आमचं चालत नाय?"

कुंपणापाशी कुणीतरी खुदकन हसलं. अन् आजींना बी हसू फुटलं, इतकं की पदर तोंडाला लावावा लागला. "चढ रे बाबा," त्या म्हणाल्या. "हिच्याशी वाद घालायचं माझं वय राहिलं नाही."

मालक चढले. जोडे घालून. मशीन मी मागून दोरानं वर पाठवलं, बंद असलेलं. फांदीला वेगळा दोर बांधला, त्याला बुंध्याभोवती दोन वेढे दिले, अन् टोक माझ्या हातात. मशीन सुरू झालं, भुसा उडाला, फांदी कडाकडा मोडली अन् दोरावर लोंबकळत, पत्र्याला न शिवता, हळूहळू अंगणात उतरली. पत्रा हालला नाय, का कुंडी फुटली नाय. आजींनी वर बघून मोठ्यानं "दत्तगुरू!" म्हणत हात जोडले.

अन् वरून मालकांनी बी जोडले. जन्माची सवय! डावा हात मशीनवरून सुटला अन् कपाळाला गेला. उजव्या हातातलं मशीन वजनानं खाली आलं. रेस सोडली तरी करवतीची चेन लगेच थांबत नाय. मला फक्त एक घाणेरडा आवाज आला, लोखंडावर लोखंड घासल्याचा. मग मशीन बंद पडलं.

"पाय!" मी वरडले. "अवं, पाय हाय का?"

वरून मालक बारीक आवाजात म्हणले, "हाय वाटतं."

खाली आले तवा तोंड पांढरं पडलेलं. उजव्या जोड्याचं चामडं पुढून चिरलेलं, आत लोखंडाची वाटी चकाकत होती, तिच्यावर ओरखडा. मी जोडा ओढून काढला. बोटं हालवून बघितली, एकेक. मग त्यांच्या पाठीत दोन गुद्दे घातले अन् तिथंच, आजींच्या रांगोळीत बसून, भोकाड पसरलं. मालक म्हणले, "आशा, रडू नको गं. घालीन. जन्मभर घालीन."

कुंपणावरून कुणी म्हणलं, पूजा केली म्हणून वाचला. त्याला आजीच बोलल्या. "पूजेनं नाही हो. मी हात जोडले म्हणून त्यानं जोडले. माझ्यामुळं पाय गेला असता त्याचा."

फांदीचा खुंट राहिला होता. तो दुसऱ्या दिवशी उतरवला, तसल्याच नव्या जोड्यात. यावेळी पूजा नाय, घंटा नाय. मालक वर, दोन्ही हात मशीनवर. आजी खाली माझ्या शेजारी, ओठ पुटपुटतायत, पण दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरलेले. खुंट खाली आला तरी त्यांनी हात सोडले नाय.

मग हळूच, वर्गातल्या पोरीगत, मला विचारलं, "आशा, आता जोडू का गं?"

मी वर बघितलं. मशीन बंद होऊन दोराला लटकलं होतं.

"जोडा आजी," म्हणलं.