बॉनेटवरचं घमेलं

हसा, पोटभर हसून घ्या. मी जीप बोलतेय, उंब्रजच्या लालासाहेबांची. माझ्या बॉनेटवर उपडं घमेलं डकवलंय, तेच बघून हसताय ना? हायवेवर जीपमध्ये सीटा भरणारे वडापवाले रोज ओरडायचे, "लालासाब, गाडी बांधकामावर निघाली काय?" मी धूर सोडायची त्यांच्या तोंडावर आणि पुढं जायची.

तशी मी फौजेतली. अंगावर हिरवा रंग, पोटात पेट्रोलचं इंजिन, आणि डोंगर म्हणजे माझं अंगण. वय झालं तशी लिलावात निघाले. लालासाहेब फौजेत ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून रिटायर होऊन नुकतेच घरी आले होते. माझ्याभोवती एक फेरी मारली, मडगार्डवर थाप मारली आणि म्हणाले, "चल बाई, दोघंबी पेन्शनीत."

पण माझं पेट्रोल पिणं काही कमी होईना. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! शेवटी मला गोठ्याशेजारी उभं केलं. खऱ्या कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालायला लागल्या. फौजेतली गाडी मी, आणि ही माझी दशा!

लालासाहेबांचा मुलगा वीरधवल कराडला शिकून आलेला, कपड्याला इस्त्री लागायची त्याला. "आबा, भंगारात देऊन टाका," म्हणाला.

"जखमी झालेल्या जवानाला भंगारात घालत न्हाईत रं. दवाखान्यात न्हेत्यात."

दवाखाना म्हणजे नाथाजी मिस्त्रीचं गॅरेज. एका उलटलेल्या टेम्पोचं डिझेल इंजिन त्यानं हेरून ठेवलं होतं. चेनपुली लावून माझं जुनं इंजिन वर ओढलं तेव्हा मी फार घाबरले. पोट रिकामं झालं की आपण कोण उरतो, कळतच नाही. मग ते नवं धूड खाली उतरलं. इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशन बदललं, पुढच्या स्प्रिंगला जादा पाटे घातले. सगळं बसलं, पण बॉनेट लागेना. इंजिन चार बोटं उंच!

लालासाहेबांनी इकडं तिकडं पाहिलं आणि घरी जाऊन घमेलं घेऊन आले. मागोमाग त्यांची बायको विजयमालाबाई पळत. "आवं, माझं शेणाचं घमेलं हाय त्ये!"

"आता त्ये गाडीचं."

नाथाजीनं बॉनेट कापलं आणि वर घमेलं वेल्डिंग केलं. बाई आधी फणफणल्या, मग त्यांनीच त्यावर हळदकुंकू वाहिलं. रेडिएटर तेवढा जुनाच राहिला. "चालंल की," लालासाहेब म्हणाले.

चावी फिरवली आणि काय तो धडधडाट! लोक म्हणाले, ही काय आता ती जीप राहिली नाही. का बरं? कवळी बसवली म्हणून तुमचा आजा बदलतो काय? मी तीच होते, आणि आता पोट भरून चालत होते.

चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात वीरधवलसाठी सांगलीचं स्थळ आलं. आप्पासो हळदीचे अडते, त्यांची मुलगी क्रांती. पाव्हण्यांनी सुचवलेलं स्थळ, त्यामुळं आम्हाला तिथं कुणी पाहिलेलं नव्हतं. वीरधवल भाड्याच्या गाडीसाठी अडून बसला. लालासाहेब म्हणाले, "जायचं तर आपल्या गाडीतनं."

ऊन मी म्हणत होतं. जुन्या रेडिएटरनं दगा दिला, आणि आप्पासोंच्या दारात मी वाफ सोडतच पोचले. लालासाहेब बॉनेट उघडून आत वाकले. तेवढ्यात आप्पासो बाहेर आले. घमेल्याकडं बघत म्हणाले, "गाडी कुणाची म्हणायची?"

वीरधवलनं कॉलर नीट केली. "भाड्याची आहे. आबा मागनं येतायत."

विजयमालाबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. चारचौघांत पोराला खोटं कसं पाडणार? सगळे आत गेले. बॉनेटआड लालासाहेबांचा हात थांबला होता. मला इतका संताप आला, इतकं वाईट वाटलं! मला नाकारलं ते एक वेळ चाललं असतं, पण बापाला?

थोड्या वेळानं क्रांती स्वतःच चहा घेऊन बाहेर आली. "ड्रायव्हरकाका, चहा घ्या. लय तापली का गाडी?"

"इंजिन दुसरं, रेडिएटर जुना. तापणारच."

"आणि हे घमेलं?"

त्यांनी सांगितलं. ती खळखळून हसली, घमेल्यावर बोटानं टकटक केली. "डोकं चालवलंय हां! गाडी तुमचीच का?"

लालासाहेबांनी कप खाली ठेवला. "व्हय, माझीच. आन् आत बसलाय त्यो पोरगा बी माझाच."

तिचं हसू मावळलं. "मग आत चला की."

"त्यो बोलवत न्हाई तवर न्हाई."

क्रांती आत गेली. खिडकी उघडी होती, मला सगळं ऐकू येत होतं. नाव काय, शिक्षण काय, सगळं विचारून झालं. मग तीच म्हणाली, "आता मी एक विचारते. बाहेर गाडीपाशी उभे आहेत ते तुमचे कोण?"

"वडील," वीरधवल कसाबसा म्हणाला.

"मग माझा नकार आहे."

तसेच परत निघालो. इस्लामपूरच्या पुढं विजयमालाबाई बोलल्या, "गाडीची लाज वाटली, बापाची बी वाटली. आता माझी कवा वाटायची, त्येवढं सांगून ठेव रं."

वीरधवल रडला. मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट काढून तो माझ्या स्टेअरिंगवर बसला. गिअर असे करकरवले की माझे दात आंबले. मीही त्याला सोडलं नाही, चढावर दहादा बंद पडले. बाप शेजारी बसून म्हणायचा, "रेटू नगंस, तिचं ऐक जरा." हळूहळू ऐकायला लागला. नवा रेडिएटरही त्यानंच बसवला.

पावसाळा सरल्यावर मला घेऊन तो पुन्हा सांगलीला गेला. शेजारी लालासाहेब. आप्पासो दारात आले, त्यांनी काही विचारायच्या आत हा खाली उतरला. "गाडी आमची आहे. हे माझे वडील. मागच्या खेपेला मी खोटं बोललो."

क्रांती बाहेर आली. त्याच्याकडं बघितलंही नाही. सरळ माझ्याजवळ आली, घमेल्याला हात लावला आणि म्हणाली, "आज तापली न्हाई वाटतं. या आत, सगळेच या."

वरात माझ्यातूनच निघाली. घमेल्याला मुंडावळ्या बांधल्या होत्या, आणि वडापवाले गप्प बसले होते.

आता पत्रा गंजलाय, पायाखालचा रस्ता दिसतो. भंगारवाला अजून येतो, क्रांती त्याला फाटकातूनच वाटेला लावते. धडधड मात्र तीच आहे. बसायचं असेल तर या, जागा आहे. पण वाटेत कुणी विचारलं, गाडी कुणाची, तर मान वर करून सांगायचं. जमत नसेल, तर आत्ताच उतरा आणि चालत जा.