कोकिळा कॉलेज पाहायला जाते

"मायक्रोस्कोप दाखवता का, सर?" कोकिळेने विचारले आणि नामांकित कॉलेजचे विभागप्रमुख खुर्चीत ताठ झाले.

रूपरावांनी लेकीला डोळ्यांनी दटावले. देवळीच्या या पोरीला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करायचे होते. गावातल्याच प्रभाकररावांच्या भाच्याचे स्थळ जवळपास जमले होते. मुलाकडच्यांची अट एवढीच, की एम.एस्सी. याच कॉलेजची हवी. इथे शिकवतात काय, याची चौकशी कोणी केली नव्हती. नावाजलेल्या घराण्याची कोणी करते का?

कोकिळेने केली. तिला आजवर बरेच जण पाहून गेले होते. कसे पाहायचे, हे तिला पाठ होते.

प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप मखमली कपड्याखाली होता. वर वाळलेला झेंडू.

"दसऱ्याले पूजा करतो," शिपाई म्हणाला. "वापरला का खराब होते."

"अन् पोरं काय पायतात?"

"फोटो."

"प्रवेशासाठी लोक इथे रांग लावतात, मुली," प्रमुखांनी सुनावले.

"विचार करून कळवतो आमी," कोकिळा म्हणाली. हे वाक्य तिने आजवर नुसते ऐकले होते. म्हणायला भलतेच सोपे निघाले.

मग तिने बापाला बोरझरीच्या कॉलेजात नेले. टिनाचे छप्पर, बरण्यांत कपाशीच्या बोंडअळ्या. सुलोचनाबाई नावाच्या प्राध्यापिकेने नाव-गाव न विचारता तिच्या हातात चिमटा दिला. रूपराव बाहेर कडुनिंबाखाली बसले, ते खिडकीतून लेकीचे काम पाहत बसूनच राहिले. पोरगी बाहेर आली तेव्हा हातांना स्पिरिटचा वास होता.

"बाबा, मले इथंच शिकाचं हाय."

"याचं नाव कोणाले माईत नाई. स्थळ जाईन, पोरी."

"जाऊ द्या. त्यायनं मले कुठी पाह्यलं? कॉलेजच पाह्यलं."

दोघे बसने परतले. देवळीच्या स्टँडवर प्रभाकरराव वाटच पाहत होते. त्यांनी हॉटेलात चहा मागवला.

"मंग, तेच कॉलेज पक्कं ना?"

कोकिळा तोंड उघडणार, तोच रूपराव म्हणाले, "नाई. बोरझरी."

"बोरझरी? कधी नाव नाई ऐकलं, बाप्पा! भाच्याच्या घरी काय सांगू मी?"

"सांगजा, रूपरावनं पाहून पसंत केलं."

प्रभाकरराव चहा अर्धा टाकून उठले. सारे हॉटेल पाहत होते. रूपरावांनी आपला चहा बशीत ओतला आणि फुंकर घालत, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.