दोघींचे छायाचित्र

परळच्या आमच्या चाळीत चित्रे विकत घेणारा मी एकटाच. फोर्टमधील एका कलादालनात पहारेकऱ्याची नोकरी करता करता मला हा नाद लागला. नव्या चित्रकारांची छापचित्रे, रंगचित्रे आणि छायाचित्रे यांनी आमची एक खोली व्यापून टाकली. माझी पत्नी मालन म्हणे, "परक्या बायकांनी भिंत भरलीत. माझा एक तरी फोटो लावा की!"

तिची ही इच्छा अवचित पूर्ण झाली. पुष्कर नामक तरुण छायाचित्रकाराच्या प्रदर्शनात मला मालनच दिसली. लालबागच्या मसाला गल्लीत, शेजारच्या सुंदराबाईंच्या खांद्यावर हात टाकून ती उभी होती. मिरचीच्या खकाण्याने दोघींच्या डोळ्यांना पाणी आलेले, तरीही दोघी खदखदून हसत होत्या. स्वाक्षरी केलेली ती प्रत मी तत्काळ घेतली.

त्याच वर्षी मालन काविळीने गेली. तिचे हसतानाचे दुसरे छायाचित्र मजपाशी नव्हते. यास्तव तेराव्या दिवशी मी त्यालाच हार घातला. सुंदराबाई पाने वाढावयास आल्या आणि दारातच थबकल्या.

"भावजी, मी अजून जित्ती आसय!"

पंगतीतले लोक हसले. त्या हसल्या नाहीत. "मधनं कापा. तिला ठेवा, मला काढा."

कापणार कसे? मालनचा हात त्यांच्या खांद्यावर होता. मी हार उतरवला.

"चुकलो, वहिनी."

"मी गेले की घाला," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "दोघींना मिळून एकच. पण मोठा आणा हां, चिंगूसपणा नको!"

तदनंतर ते चित्र हाराविना राहिले. एखादा नवखा पाहुणा विचारी, "यातल्या वहिनी कुठे दिसत नाहीत?" मी म्हणे, "बाहेर गेली आहे." या उत्तराची मला हळूहळू सवय जडली.

गेल्या महिन्यात सुंदराबाई निवर्तल्या. त्यांच्या तेराव्याला मी दादरच्या फुलबाजारातून मोठा हार आणला व स्टुलावर चढलो. त्यांची कन्या शेवंती हिने स्टूल धरले. चित्रात दोघी तशाच हसत होत्या. माझा हात वर जाईना.

"काका, घाला ना. आईनेच सांगितलं होतं."

"हा तुमच्या घरच्या फोटोला घाल," मी म्हणालो.

"आणि मालनकाकूंना?"

"ती बाहेर गेली आहे."

शेवंतीने हार घेतला. मी खाली उतरलो, तरी स्टूल मात्र ती बराच वेळ धरूनच उभी राहिली.