उजव्या चाकावरची स्प्रिंग

मी एक जुनी स्प्रिंग आहे, मित्रांनो, आणि माझ्या बहिणीपेक्षा मी अर्ध्या पेरानं बुटकी आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा आम्ही दोघी अगदी सारख्या उंचीच्या होतो. एका छोट्या पांढऱ्या मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकावर तिला बसवलं आणि उजव्या चाकावर मला. एवढाच काय तो फरक.

त्याआधी मी एक सरळ सळई होते. मला लाल होईस्तोवर तापवलं, एका गोल दांड्याभोवती गुंडाळलं आणि तेलात बुडवलं. मग यंत्राखाली ठेवून माझी वेटोळी एकमेकांना टेकेपर्यंत मला दाबलं आणि सोडून दिलं. मी परत उभी राहिले. आपण इतके दबतो आणि तरी उठतो, याचं तेव्हा जे नवल वाटलं ते अजून ओसरलेलं नाही.

मला डोळे नाहीत. जग मला वजनातून कळतं. माणसांचं बोलणं पत्र्यातून झिरपत माझ्यापर्यंत येतं.

ती मोटार लोणारच्या उत्तमरावांनी घेतली. ते गुरांचे डॉक्टर होते आणि अंगानं चांगले भरदार. ते दार उघडून बसले की मोटार उजवीकडे खाली जायची, आणि मला कळायचं की दिवस सुरू झाला. कधी दुसरबीडकडे अडलेली म्हैस, कधी एखाद्या वस्तीवर पोट फुगलेला बैल. जवळजवळ नेहमी ते एकटेच असत. डाव्या सीटवर औषधांची पेटी असे, पण तिचं वजन ते काय. माझी बहीण निम्म्या ओझ्यानं चालली आणि मी पूर्ण. मला त्याचा कधी राग आला नाही. एका माणसाचं वजन इतकं ओळखीचं होऊ शकतं, हेच मला मोठं वाटे.

गावातले लोक हसत. "डॉक्टरसाहेब, गाडी तुमच्याकडंच झुकून राह्यली."

"मालकाले ओळखते ती," उत्तमराव म्हणत. "तुमच्या म्हशीसारखी नाही. लाथ नाही मारत."

परत येताना ते सरोवराच्या काठावर गाडी उभी करत आणि इंजिन थंड होऊ देत. त्यांची मुलगी प्राची शाळेत होती तेव्हा सुट्टीत कधीकधी त्यांच्याबरोबर असे. अंतराळातून एक दगड पडला आणि एवढं मोठं विवर झालं, हे तिला पटत नसे.

"मग तो दगड कुठं आहे, बाबा?"

"दगड तं गेला वं, बाई. त्याचं वजन राह्यलं."

  कुणाचं वजन त्याच्या मागे राहू शकतं, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

वर्षं गेली. आकडा अडीच लाख किलोमीटरच्या पुढे सरकला. गॅरेजवाले आधी म्हणत, "पुढचं काम अजून कडक आहे डॉक्टरसाहेब," म्हणजे आम्ही दोघी अजून दमदार, आणि मला बरं वाटे. पुढेपुढे कुणी वाकून पाहीनासं झालं. माझ्यावरचा रंग उडाला, गंज चढला. माझ्या पोटातून जाणारा शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे माझी उसळी आवरून धरणारा माझा सोबती, तेल गाळू लागला. खड्डा आला की आम्ही दोघं धाडकन आदळत असू.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी उत्तमराव आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. घरात खूप माणसं आली आणि गेली. कुणीतरी म्हणालं, झोपेतच गेले, सुखानं गेले. मोटार अंगणात उभी राहिली आणि माझ्यावर फक्त इंजिनाचा भार उरला. आता मी वर उठायला हवं होतं. ती तर माझी जात आहे. पण मी होते तिथंच राहिले.

उन्हाळ्यात मोटारीचा विषय निघाला. उत्तमरावांच्या पत्नी सत्यभामाबाई यांची थोरली बहीण गीताबाई मोताळ्याला अंथरुणाला खिळली होती. बहिणीला डोळ्यांनी पाहायचं, एवढंच सत्यभामाबाईंचं मागणं होतं. पण त्यांच्या मणक्याला बसचे धक्के सोसत नव्हते, आणि आमची गाडी बसपेक्षा वाईट आदळत होती. मुलगा हर्षल पुण्याहून फोनवर म्हणाला, "ती गाडी भंगारात दे, आई. आपण भाड्यानं चांगली करू."

प्राची अकोल्याहून आली होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी नीट केली तर?"

सत्यभामाबाईंनी थोडा विचार केला. "मोताळ्यापर्यंत माही कंबर बोलली नाही, तं ठेवू. बोलली तं मात्र द्यायची. मंग रडू नोको."

गॅरेजवाल्यानं एवढ्या चाललेल्या गाडीचं काम हातात घ्यायला नकार दिला होता. म्हणून प्राचीनं बाहेरून नवे जोड मागवले. त्यांना कॉइलओव्हर म्हणतात. त्यात स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्रच असतात, अंगभर आटे असतात, आणि त्यावरचं कडं फिरवून गाडीची उंची कमीजास्त करता येते. मदतीला आली तिची वर्गमैत्रीण सफा. तिचं स्टँडवर टायरचं दुकान आहे.

"हे तं पोरायचं खेळणं आहे," सफा खोकं उघडत म्हणाली. "गाडी जमिनीले टेकवायले लावतात. तुले काऊन पाह्यजे?"

"मी टेकवणार नाही. उचलून ठेवणार."

"हाव, पाहू. आधी चाक तं काढ, मॅडम."

त्यांनी जॅक लावला, गाडीखाली लोखंडी घोड्या सरकवल्या, गाडी हलवून पाहिली आणि मगच चाक काढलं. खालचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. सफानं त्यांवर तेल सोडलं, पान्याला लांब पाईप जोडला आणि दोघी त्यावर लोंबकळल्या. करकरत पहिला बोल्ट सुटला, तसा तो आवाज माझ्या सगळ्या वेटोळ्यांतून गेला. मग बॉनेटखालचे तीन नट निघाले आणि मी माझ्या सोबत्यासकट प्राचीच्या हातात आले. तिच्या हातात मी पहिल्यांदाच होते.

माझ्या माथ्यावरची बैठक, म्हणजे मला गाडीच्या पत्र्याशी जोडणारी चकती, काढून नव्या जोडावर चढवायची होती. प्राचीनं मधल्या नटाला पाना लावला.

"हात काढ," सफा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण प्राचीनं तिथंच हात सोडला. "आत स्प्रिंग दाबलेली आहे. थो नट असाच सुटला असता तं तोंड राह्यलं नसतं तुह्यं."

"एवढा जोर असतो?"

"तुह्या बाबाले उचलत होती ना ती."

त्यांनी मला दोन्ही बाजूंनी आकडे लावले आणि आवळत नेलं. माझ्यात किती जोर कोंडलेला आहे, हे मला त्या दिवशी समजलं, आणि खरं सांगते, मला माझीच भीती वाटली. नट निघाला. आकडे सैल झाले. किती वर्षांनी माझ्यावर कुणाचंच वजन नव्हतं.

दुपारपर्यंत बहीणही निघाली. सफानं आम्हा दोघींना भंगारात टाकण्यासाठी फरशीवर शेजारी शेजारी उभं केलं आणि थांबली.

"पाह्य वं, प्राची. ही बुटकी आहे."

प्राची हात पुसत आली. तिनं आमच्या माथ्यावर एक पट्टी आडवी ठेवली. पट्टी माझ्याकडे कलली. तिनं आमच्या जागा बदलून पाहिल्या. पट्टी पुन्हा माझ्याकडेच कलली.

"फरशी नाही, स्प्रिंगच आहे," सफा म्हणाली. "इतकी वर्षं एकाच बाजूनं माणूस बसला की होते असं."

प्राची खाली बसली. तिनं माझ्यावर तळवा ठेवून सगळा भार टाकला. मी केसभरही दबले नाही. मग ती हळू आवाजात एवढंच म्हणाली, "वजन राह्यलं." सफाला ते कळलं नसावं.  उठून तिनं दोघींचा चहा आणला.

संध्याकाळी चारही नवे जोड बसले आणि आम्हा जुन्या स्प्रिंगांना भंगारात द्यायचं म्हणून डिकीत ठेवलं. प्राचीनं उजवीकडचं कडं मुद्दाम थोडं खाली उतरवलं, आणि सत्यभामाबाईंना बाहेर बोलावलं. नवरा गेल्यापासून त्या गाडीत बसल्या नव्हत्या. त्या डाव्या सीटवर सावकाश बसल्या आणि सवयीनं त्यांचा हात दारावरच्या कडीला गेला.

"काऊन वं, अजून तिकडंच कलते?"

"बाबा असताना होती तशी ठेवली, आई."

सत्यभामाबाई काही वेळ रिकाम्या सीटकडे बघत राहिल्या असाव्यात, कारण त्यांचं वजन थोडं उजवीकडे सरकलं. मग परत सरळ झालं.

"जन्मभर मी ही कडी धरून बसली," त्या म्हणाल्या. "त्यायले सांगितलं, तं म्हणत, माह्याकडंच कलते ना, कलू दे. ते होते तवा ठीक होतं. आता कोनाकडं कलू मी? सरळ कर."

प्राचीनं कडं फिरवून गाडी सरळ केली. मोताळ्याच्या वाटेवर मेहकरला आम्हाला भंगारवाल्याकडे टाकायचं होतं. तिथं मायलेकींनी आधी चाकांची दिशा तपासून घेतली. भंगारवाल्याच्या दारात गाडी हळू झाली, आणि सत्यभामाबाई म्हणाल्या, "चाल पुढं." प्राचीनं गाडी पुढे घेतली.

अशी मी मोताळ्याला निघाले. आयुष्यभर मी ओझं उचललं होतं. त्या दिवशी मीच ओझं होते, आणि कुणीतरी मला उचलून नेत होतं. खड्डे येत होते, पण आदळत नव्हते. नव्या स्प्रिंगांचा मला हेवा वाटायला हवा होता. मी मात्र थक्क होऊन ऐकत राहिले. बुलढाणा मागे पडलं, राजूरचा घाट सुरू झाला. वळणामागून वळण. पुढच्या सीटवरून कुरकुर नाही, कण्हणं नाही, काहीच नाही. प्राचीनं एकदा घाबरून हाक मारली, "आई?"

 सत्यभामाबाई झोपल्या होत्या. कडीवरचा हात सुटून मांडीवर पडला होता.

मोताळ्यात गाडी थांबली तेव्हा त्या जाग्या झाल्या. "आलं का?" त्या म्हणाल्या, आणि आपल्या आपण उतरल्या. गीताबाईंच्या दारातून दोन म्हाताऱ्या बहिणींचं रडणं आणि मग हसणं डिकीपर्यंत आलं.

गाडी घरी राहिली. आम्ही दोघी बहिणी आता लोणारच्या घरात खिडकीत उभ्या आहोत. प्राचीनं आमचा गंज घासून तेल लावलं आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातली गाडी, सायकल, खुर्ची जुनी होईल, तेव्हा तिच्याखाली अधूनमधून वाकून पाहा. ती सांभाळत असते, तिलाही सांभाळा. आणि टाकायची वेळ आलीच, तर टाकण्याआधी ती एकदा सपाट फरशीवर ठेवा आणि कुठं दबली आहे, कुठं झिजली आहे ते नीट बघा. मग ठरवा.

मी आता काहीच उचलत नाही. तरी माझी उंची वाढलेली नाही.