माशाच्या अंगावरची ऊ

तपकिरी चीज लावलेला पाव एका हातात आणि लाल पेन दुसऱ्या हातात, अशी टुरिड सकाळपासून पेपर तपासत होती. डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या, फ्योर्डच्या, काठावरल्या त्या छोट्या कॉलेजात ती हिशेबशास्त्र शिकवायची. उद्योगांनी नफ्याइतकाच पाण्याचा, हवेचा, माणसांचाही जाब द्यावा आणि तो जाब लिहायला मुलांनी शिकावं, हा तिचा वीस वर्षांचा ध्यास. कशाला किती गुण हे आधीच तक्त्यात मांडून दिलं तर मुलं अधिक शिकतात, असं तिनं संशोधनातून दाखवलं होतं. तो तक्ता आता इतर कॉलेजांतही चालत होता.

यंदा गावातल्याच सॅल्मन माशांच्या कारखान्याचा शाश्वतता अहवाल मुलांनी लिहायचा होता. आकडे कारखान्यानं दिले होते. तीस पेपरांत ‘कामगारांचे अपघात: शून्य’. एकतिसाव्यात ‘एक’. खाली बारीक अक्षरात: ‘दानुते, माझी आई. मासे वाहून नेणारा पट्टा धुताना उजव्या हाताची तीन बोटं गेली.’

तक्त्याप्रमाणे आकडा चुकला की त्यावरचं विवेचनही चुकलं. पेपर औश्रिनेचा होता, आणि ती नापास होत होती.

टुरिडनं तिला बोलावलं. “अगं, हा आकडा कुठून आणलास?”

“घरून.”

“तुझी आई कारखान्याच्या माणसांत येत नाही. ती सफाईच्या ठेकेदाराची.”

“आणि पट्टा कुणाचा, बाई?”

टुरिडनं लाल पेनाला टोपण लावलं.

“ठेकेदार लहान, त्याला अहवाल लागत नाही. कारखाना मोठा, त्याला आई लागत नाही. पण माशाच्या अंगावरची ऊ मोजलीय त्यांनी, दर माशामागे, दशांशापर्यंत. ऊ त्यांची, आणि माझी आई परकी?”

टुरिड तो पेपर घेऊन दुसऱ्या परीक्षकाकडे, आयविंदकडे गेली. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. “तक्ता तुझा आहे, टुरिड, मी नुसता वाचतो. हिला गुण दे, उद्या सगळे आपापली आई घेऊन येतील.”

तक्त्यात एक रकाना वाढवावा म्हणून तिनं वरच्या समितीला लिहिलं. उत्तर सभ्य होतं: तक्त्याचा पुढचा आढावा तीन वर्षांनी.

रविवारी दुपारी ती औश्रिनेच्या घरी गेली. दानुतेनं बटाट्याची धिरडी घातली होती. डावा हात अजून नवखा, एक धिरडं उलटताना मोडलं. ते तिनं स्वतःच्या ताटात घेतलं.

“मास्तरीणबाई, पोरीनं काय लिहायला हवं होतं?”

“शून्य,” टुरिड खालच्या आवाजात म्हणाली.

“मग फेरपरीक्षेत लिही की गं शून्य. घरातला एक हात गेलाय, आता पदवीही घालवतेस?”

“आई, ते खोटं आहे.”

“खोटं कसं? मी त्यांची नव्हते, यात खोटं काय?” दानुतेनं सायीची वाटी टुरिडपुढे सरकवली. “खा तुम्ही. गार होतात.”

नको लिहूस, असं टुरिडच्या ओठांवर आलं होतं. पण शून्य न लिहिता ही पोर पास कशी करायची, ते तक्त्यात कुठंच नव्हतं. तिनं धिरडं खाल्लं.

फेरपरीक्षेचा पेपर पंधरा दिवसांनी आला. अक्षर सुबक, समास सरळ. उवांचा आकडा दशांशापर्यंत बिनचूक. ‘कामगारांचे अपघात: शून्य. आमच्या प्रत्येक माणसाची सुरक्षितता हीच आमची श्रीमंती.’ असं वाक्य कुणी तिला शिकवलं नव्हतं. तक्त्यातून ते आपोआप उगवलं होतं.

“बघ,” आयविंद खुशीत म्हणाला, “शिकली पोर.”

टुरिडनं तक्त्याशी ताडून पाहिलं. सगळं बसत होतं. तिनं पैकीच्या पैकी गुण दिले, आणि संशोधनाच्या वहीत औश्रिनेच्या नावापुढे ‘तक्ता वापरल्यानंतर सुधारणा: आहे’ अशी नोंद केली. मग बराच वेळ ती आपल्या उजव्या हाताकडे बघत बसली.

पाणी मोजलं, धूर मोजला, माशावरली ऊ मोजली. पट्टा धुणारी बाई तेवढी मोजायची राहिली. ती राहिली असं म्हणणारी वर्गात एकच होती. तिलाही आपण शिकवून शहाणी केली.