सतरावा दिवस

मेहकरच्या एसटी आगारात शेखर इंगळे नावाचा ड्रायव्हर होता. गडी कामाला वाघ, पण अंगानं इतका सुटलेला की स्टिअरिंग फिरवताना ते पोटाला घासायचं. एकशे अडतीस किलो वजन. रात्री घोरायचा, मध्येच श्वास अडकून दचकून उठायचा आणि दिवसभर डोळ्यांवर झापड असायची. एका दुपारी सुलतानपूरच्या अलीकडे, भरलेली गाडी चालवताना, त्याचा डोळा लागला. कंडक्टर कडूबा त्याचा जुना दोस्त. तो ओरडला, "शेखर, बे, पाह्य समोर!" तेव्हा गाडी रस्ता सोडून साइडपट्टीच्या मुरमात उतरली होती. कुणाला खरचटलंही नाही, पण शेखरला गाडीवरून काढलं आणि आगारात चौकशीच्या खिडकीमागं बसवलं. वीस वर्षं गाडी हाकणारा माणूस दिवसभर "जालना गाडी साडेदहाले" एवढंच सांगत बसायला लागला.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की झोपेत श्वास अडकतो तो या वजनामुळं, साखरही वाढलेली आहे, ऑपरेशन करून पोटाची पिशवी लहान करावी लागेल. शेखर घाबरला. त्याला धीर दिला तो बायकोनं, योगिनीनं. ती गावातल्याच अंगणवाडीत सेविका होती. चौदा वर्षं तिनं दुसऱ्यांची पोरं काट्यावर घालून त्यांची वजनं वहीत लिहिली होती. डॉक्टरांपुढं बसून तिनं एकेक गोष्ट विचारून घेतली. घरी आल्यावर म्हणाली, "अहो, ऑपरेशन डॉक्टर करतीन. पुढचा महिना मात्र आपल्याले काढा लागते. काढू आपण."

त्याच महिन्यात तिची परीक्षा होती. सेविकांमधून पर्यवेक्षिका घ्यायच्या होत्या. अशी जाहिरात कितीतरी वर्षांनी निघाली होती आणि वयाच्या अटीत योगिनी जेमतेम बसत होती. पुन्हा निघेल तेव्हा ती बसणार नव्हती, हे तिला माहीत होतं आणि शेखरलाही. मे महिन्यात अंगणवाडीला सुटी, म्हणून तिनं ऑपरेशनही मेमध्येच धरलं. सुटीत नवऱ्याचं पाहू आणि अभ्यासही करू, असा तिचा हिशेब.

ऑपरेशन चांगलं झालं. पाचव्या दिवशी शेखर घरी आला आणि खरी परीक्षा सुरू झाली ती त्याची.

पहिले दोन आठवडे नुसतं पातळ प्यायचं. तेही औषधाच्या इवल्याशा कपानं, दर पंधरा मिनिटांनी, घोट घोट. बाहेर ऊन असं की पत्र्यावर पापड भाजावा. तहानेनं जीव कासावीस व्हायचा आणि एक घोट जास्त घेतला की छातीत दगड अडकल्यासारखं दुखायचं. योगिनी समोरच्या खाटेवर पुस्तक उघडून बसायची. मोबाइलची घंटी वाजली की कप भरून द्यायची, भिंतीवरच्या कागदावर खूण करायची आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायची. डाळीचं पाणी, ताक, गाळलेलं सूप. तिसऱ्या आठवड्यापासून मिक्सरमधून काढलेली पेज. भाकरी, पोळी, भाजीची फोड, काहीही चावून खायचं ते महिनाभर नाही. आत टाके आहेत, ते भरेपर्यंत धीर धरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पहिल्या दहा दिवसांत नऊ किलो उतरले. शेखर खूश. कडूबा भेटायला आला की त्याला शर्टाची बटणं दाखवायचा. मग अकराव्या दिवशी काटा थांबला. बाराव्या दिवशी तेवढाच. तेराव्या दिवशी तर अर्धा किलो वाढला. शेखर सकाळी चढायचा, दुपारी चढायचा, संध्याकाळी चप्पल काढून पुन्हा चढायचा. योगिनीनं आहार सांगणाऱ्या मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या की असं होतंच, शरीर थांबतं आणि मग पुन्हा उतरू लागतं, काटा आठवड्यातून एकदाच बघा.

"आयकलं ना?" योगिनी म्हणाली. "माह्या अंगणवाडीतले लेकरं पाहा. एखाद्याचं वजन महिनाभर हालत नाही. म्हणून का ते वाढत नसते?"

शेखर भडकला. "मी काय तुह्या अंगणवाडीतलं लेकरू हाय? कप भरून देऊन राह्यली, खुणा करून राह्यली! उपाशी मी मरून राह्यलो आन तू पुस्तक वाचून राह्यली!"

योगिनीनं पुस्तक मिटलं. त्या दिवसापासून ती अभ्यासाला स्वयंपाकघरात बसायला लागली, गॅसच्या शेजारी, उकाड्यात. शेखरला ते दिसत होतं. बाहेर ये, इथं पंख्याखाली बस, एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. तो म्हणाला नाही.

सतराव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, योगिनी हॉलतिकिटाची प्रिंट काढायला बाजारात गेली. पेपर रविवारी, अकोल्याला. घरात शेखर आणि त्याची आई, केसरबाई. म्हातारीनं स्वतःपुरती ज्वारीची भाकरी टाकली होती आणि भरली वांगी केली होती. तव्यावरच्या भाकरीचा वास खोलीत आला. शेखर नुकताच काट्यावरून उतरला होता. काटा तिथंच होता. वजन उतरत नसेल तर हे उपास कशासाठी, असं त्याच्या मनात आलं आणि तो उठून स्वयंपाकघरात आईपाशी जाऊन बसला.

"माय, वाढ मले थोडं."

"अरे, तुले चालते का? योगिनी तं नाई म्हणे."

"चालते. डॉक्टरचा फोन आला होता सकाळी. थोडं थोडं खा म्हणे."

म्हातारीचा चेहरा उजळला. इतके दिवस लेकाचं सुकलेलं तोंड पाहून तिचा जीव तुटत होता. तिनं गरम भाकरी कुस्करली, वर वांग्याचा रस्सा घातला आणि ताट त्याच्यापुढं सरकवलं. शेखरनं पाच घास खाल्ले. चव जिभेवर आली तशी डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या. सहावा घास हातात असतानाच बरगडीखाली कळ उठली. हातातला घास ताटात पडला आणि तो न्हाणीत धावला.

संध्याकाळी योगिनी आली तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून पडला होता. "काय झालं?" तिनं विचारलं. "गॅस झाला," तो म्हणाला. म्हातारीला त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की बोलू नको, योगिनी उगाच घाबरते.

शनिवारी त्याला पाण्याचा घोटही खाली जाईना. योगिनी कप देऊन आत गेली की तो खिडकीतून पाणी ओतून द्यायचा आणि रिकामा कप परत ठेवायचा. ती कागदावर खूण करायची. दुपारनंतर अंग तापलं. तिनं कपाळाला हात लावला. "अहो, अंग गरम लागून राह्यलं. डॉक्टरले फोन करू का?"

"उन्हाचं हाय. तू अभ्यास कर."

पुढं कितीतरी दिवस शेखर स्वतःला सांगत राहिला की आपण गप्प राहिलो ते तिच्या पेपरासाठी. पण तसं नव्हतं. त्याला लाज वाटत होती. वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला पाच घासांचा धीर धरवला नाही, हे कुणाला कळू नये, एवढंच त्याला हवं होतं. उद्या बरं वाटेल, परवा बरं वाटेल, असं करत त्यानं ते दीड दिवस घालवले.

रविवारी सकाळी सहाची अकोला गाडी होती. योगिनी लवकर उठून, आंघोळ करून, निळ्या काठाची साडी नेसून तयार झाली. तिला स्टँडवर सोडायला कडूबा मोटारसायकल घेऊन आला. निघायच्या आधी ती शेखरला सांगायला आत गेली आणि तिनं पाहिलं, तर तो घामानं निथळत होता, पोटाशी गुडघे घेऊन कण्हत होता. तिनं उशाशी बसून एकच विचारलं, "काय खाल्लं?"

त्यानं डोळे मिटून सांगितलं.

योगिनीनं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, जराही वेळ न घालवता घेऊन या. कडूबानं अॅम्ब्युलन्स बोलावली आणि तिच्याकडं वळला. "वहिनी, तुमी जा पेपरले. मी नेतो याले, पुरा दिवस बसतो तिथं. तुमचा पेपर झाला का तिकूनच या. तुमी काऊन थांबता?"

योगिनीनं शेखरकडं पाहिलं. खांद्याला पिशवी, हातात हॉलतिकीट. ती काही विचारत नव्हती, पण त्याच्या तोंडून एक शब्द येण्याची वाट बघत होती. "जा." एवढाच. शेखरला ते कळलं. तेवढी शुद्ध त्याला होती.

त्यानं तिचा पदर धरला. "तू चाल. तुयाबिगर मी नाही जात."

तिनं पिशवी खाली ठेवली.

संभाजीनगरला नेल्यावर अडकलेली भाकरी दुर्बिणीनं काढली. टाक्यांच्या एका टोकाला बारीक फट पडली होती आणि आत पू धरायला लागला होता. नाकातून नळी, हाताला सलाइन, बारा दिवस. पहिल्या संध्याकाळी डॉक्टर योगिनीला म्हणाले, "शुक्रवारीच फोन केला असता तर इतकं झालं नसतं. घास काढून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं असतं." शेखर डोळे मिटून पडला होता, पण जागा होता. शनिवारी घरी. रविवारी अकोला. त्यानं मनातल्या मनात ते जुळवून पाहिलं आणि त्याला नळीपेक्षाही ते जास्त टोचलं.

घरी केसरबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "म्याच देल्लं वं बाई, माह्याच हातानं." हे कानावर आल्यावर शेखरनं फोनवर आईला सांगितलं की डॉक्टरचा फोन आलाच नव्हता, मी खोटं बोललो. म्हातारी म्हणाली, "मले तरी खरं सांगाचं होतं रे."

दुसऱ्यांदा तो घरी आला तेव्हा त्यानं धीर शिकला. कप कप पाणी, चमचा चमचा पेज. काट्याकडं फिरकला नाही. महिना गेला, दोन गेले, वजन उतरत गेलं. वर्षभरानं तो अठ्ठ्याऐंशी किलोवर आला. साखर आटोक्यात आली, झोप शांत लागायला लागली, वैद्यकीय तपासणीत पास झाला आणि पुन्हा जालन्याच्या गाडीवर बसला. आगारात हार घालून त्याचं कौतुक केलं. कडूबानं पेढे वाटले. कुणी म्हणालं, "शेखरभाऊ, मानलं बे तुले, काय तो धीर!" शेखरनं हार काढून टेबलावर ठेवला आणि ड्युटीचा कागद घेऊन निघाला.

योगिनीनं त्याला कधी एका शब्दानं टोचलं नाही. पुस्तकं तिनं एका पोत्यात भरून माळ्यावर टाकली. परीक्षेचा विषय निघाला तर "झालं ते झालं" म्हणून उठून जायची. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं शेखरला वाटायचं. भांडणात माणसाला काही तरी म्हणता येतं.

पावसाळा संपता संपता एके दिवशी त्याची सुटी होती. योगिनी डबा विसरून गेली, म्हणून तो अंगणवाडीत द्यायला गेला. दारात पांढरी स्कूटर उभी होती. आत खुर्चीवर एक तिशीतली बाई रजिस्टर चाळत बसली होती. ती नवीन पर्यवेक्षिका. त्याच परीक्षेतून लागलेली. योगिनी तिच्या बाजूला उभी होती, हात पुढं बांधून.

"ह्या लेकराचं वजन मागच्या महिन्यात लिहिलं नाही तुम्ही," बाई म्हणाल्या. काही उद्धट नव्हत्या, कामाचंच बोलत होत्या.

"तो आजारी होता, मॅडम. मामाच्या गावाले गेला होता."

"मग तसं शेऱ्यात लिहायचं ना, ताई."

"हो मॅडम. चुकलं माझं."

शेखर दारातून मागं सरला. डबा त्यानं मदतनीस बाईंच्या हातात दिला आणि रस्त्याला लागला. इतक्या वर्षांत तिनं कुणापुढं "चुकलं माझं" म्हटलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. चुकलेलं तिचं नव्हतंच.

संध्याकाळी ती भाजी निवडत बसली होती. शेखर समोर येऊन बसला. आपणही चार शेंगा मोडायला घेतल्या. मोडता मोडता म्हणाला, "योगिनी, त्या दिवशी म्या तुले जा म्हणायले पाह्यजे होतं."

तिचे हात थांबले नाहीत. "हाव," ती म्हणाली. "पाह्यजे होतं."

त्याला वाटलं होतं, ती म्हणेल की जाऊ द्या, तुमचा जीव वाचला ना. ती तसं म्हणाली नाही. शेंगांच्या शिरा तिनं एकीकडं केल्या, ताट उचललं आणि आत गेली. आतून तिनं विचारलं, "सकाळची ड्युटी कितीची हाय?"

"पाचची," तो म्हणाला.

"मंग डबा रातीच भरून ठेवते."

"नको," शेखर म्हणाला, "माह्यं मी पाह्यतो." पण आत कुकरची शिटी झाली होती, आणि तिनं ते ऐकलं की नाही, हे त्याला कळलं नाही.