सत्काराला उत्तर

इंद्रभानच्या नातीचं, समताचं, लग्न ज्या उन्हाळ्यात झालं, त्याच वर्षी दिवाळीच्या पणत्या विझतात न विझतात तोच विधानसभेचा प्रचार गावात शिरला. अमडापूरकडून एक भोंगा यायचा, उंद्रीकडून दुसरा, आणि दोघांची पाराजवळ गाठ पडली की कुत्री गाव सोडून शेतात जायची.

इंद्रभानला तरुणपणापासून एक खोड होती. सभा कोणाचीही असो, तो मधेच उभा राहून प्रश्न विचारायचा. त्यामुळे उभ्या माणसाला खाली कसं बसवतात, याचं शिक्षण त्याला फुकटात मिळालं होतं. एका जुन्या उमेदवाराने त्याला भर सभेत 'माझा जिवलग मित्र' म्हणून बंगल्यावर चहाला बोलावलं होतं. बंगल्यावर कुत्रं मोकळं सोडलेलं होतं. त्याच्यानंतरच्याने 'हा विरोधकांनी पाजून पाठवलेला माणूस आहे' असं जाहीर केलं. इंद्रभानने जन्मात चहाशिवाय काही घेतलं नव्हतं, तरी महिनाभर लोक जवळून जाताना त्याच्या तोंडाचा वास घेत होते. एकाने तर तोंडही उघडलं नाही. इंद्रभानने हात वर केला, आणि डीजेवाल्याने गाणं लावलं.

शौनकदादा या सगळ्यांच्या पुढचा निघाला. पुण्यात शिकलेला, वडिलांच्या जागी आलेला आणि पाच वर्षं आमदार राहिलेला हा गोरागोमटा माणूस प्रश्न विचारणाऱ्यावर चिडत नसे. तो त्याचा सत्कार करी.

कोणी उभा राहिला रे राहिला, की सूत्रसंचालन करणारे चिंतामण मास्तर माइक ओढून म्हणत, "लोकशाहीचे जागरूक प्रहरी, आपल्या गावाचं भूषण, यांनी कृपया मंचावर यावं." लोक टाळ्या वाजवत. तो बिचारा लाजत लाजत वर जाई. दादा त्याच्या खांद्यावर शाल टाकत, हातात नारळ देत, फोटो निघे. सत्कार झालेल्या माणसाला सत्कार करणाऱ्यावर भुंकता येत नाही. तो खाली मान घालून स्टेजच्या मागच्या पायऱ्यांनी उतरे, आणि तिथे उभा असलेला कार्यकर्ता हळूच म्हणे, "काका, शाल द्या. ते खर्चात धरावं लागते." नारळ राहू देत. अशी एकच शाल सगळ्या तालुक्यात फिरत होती आणि तिला चार गावच्या घामाचा वास लागला होता.

हे सगळं इंद्रभानने उंद्रीच्या व्याह्याकडून ऐकलं होतं. कलाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "मंग या टायमाले बसून राहा. या वयात शाल पांघरून कायले नाचता?"

"पुलाचं विचारा लागते."

"विचारून विचारून दात पडले तुमचे. पूल काही पडला नाही, काऊन का बांधलाच नाही."

पुलाची गोष्ट अशी की गावाचं स्मशान आणि बौद्धवस्तीचं स्मशान, दोन्ही नाल्यापलीकडे. दोघांच्या मधे तारेचं कुंपण, म्हणजे मेल्यावर तरी कोणाची चुकून गाठ पडू नये. पण नाला दोघांनाही एकच. उन्हाळ्यात दगडांवर पाय देत पलीकडे जाता येई. पावसाळ्यात मरायचं झालं तर विचार करावा लागे. मागच्या साली इंद्रभानचा थोरला भाऊ भर पावसात गेला. पोरांनी तिरडी डोक्यावर धरली, पाणी छातीला लागत होतं. मधे एकाचा पाय घसरला आणि तिरडी कलली. कोणी ती पडू दिली नाही, पण काठावर उभ्या बायांनी ते पाहिलं. त्या दिवसापासून कलाबाई नवऱ्याजवळ एकच मागणं मागत होती.

"मी पावसाळ्यात मेली तं मले त्या पाण्यातून नेऊ नका. आंगणात जाळा, नाहीतं पाणी उतरेलोक ठेवा."

हे ती हसत म्हणायची. पण नाल्याच्या काठाने जाताना तिचा पाय झपझप पडायचा, हे इंद्रभानने पाहिलं होतं. त्याला दुसरं काही नको होतं. चार माणसांसमोर, मोबाइल चालू असताना, पूल कधी होणार त्याची तारीख दादाच्या तोंडून निघायला हवी होती.

सभा संध्याकाळी पारासमोर झाली. एक भोंगा उकंडरावांच्या ओट्याच्या खांबाला बांधला होता. उकंडराव हे गावचे जुने सरपंच. त्यांना आदल्याच दिवशी अकोल्याच्या दवाखान्यातून घरी आणलं होतं. डॉक्टरांनी 'आता घरीच सेवा करा' असं सांगितलं होतं, त्याचा अर्थ सगळ्या गावाने एकच काढला होता.

दादाचं भाषण विकासावर आलं, तसा इंद्रभान उठला.

"दादा, एक विचारू का?"

चिंतामण मास्तर तयारच होते. "लोकशाहीचे जागरूक प्रहरी, आपल्या गावाचं भूषण..."

इंद्रभान लाजला नाही. सरळ वर गेला, शाल घेतली, नारळ घेतला, फोटोला उभा राहिला. फोटो झाल्यावर मास्तरांनी हाताने मागची पायरी दाखवली. इंद्रभान हलला नाही. नारळ छातीशी धरून, मान किंचित वाकवून तो माइकच्या बाजूला उभा राहिला, जसा शाळेच्या गॅदरिंगमध्ये सत्कारमूर्ती उभा राहतो.

आणि इथेच मास्तरांचा घात झाला. उभी नोकरी त्यांनी गॅदरिंग, निरोप समारंभ आणि पुण्यतिथ्या चालवण्यात घालवली होती. सत्कारमूर्ती तसा उभा दिसला की पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून आपोआप निघे. ते निघालं.

"आणि आता, सत्काराला उत्तर देण्यासाठी मी सत्कारमूर्तींना विनंती करतो."

दादांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी जीभ चावली. पण माइक इंद्रभानच्या हातात गेला होता.

"जय भीम," इंद्रभान म्हणाला.

"जय भीम, जय भीम," दादा गरजेपेक्षा मोठ्याने म्हणाले.

"दादांनी शाल देल्ली, उपकार झाले. गरम हाये. पण नाल्यातून जाताना शाल वली होते. मागच्या टायमाले याच पारावर तुमी म्हन्ले होते का वर्षभरात पूल करतो. माह्या भावाची तिरडी पाण्यातून नेली. गावचेही तसेच नेतेत, वस्तीचेही तसेच नेतेत. मले भाषण नाही करता येत. फक्त तारीख सांगा."

दादा हसले. हसण्याचा त्यांना सराव होता. त्यांनी कार्यकर्त्यांना डोळ्याने खुणावलं आणि 'शौनकदादा आगे बढो' सुरू झालं. एरवी गाव 'हम तुम्हारे साथ है' म्हणतं. त्या दिवशी पुढच्या दोन रांगांनी म्हटलं, त्याही बाहेरगावच्या होत्या. बाकीची माणसं गप्प बसून दादाच्या तोंडाकडे पाहत राहिली. प्रत्येकाच्या घरातला कोणी ना कोणी त्या पाण्यातून गेलेला होता.

"दादा, तारीख," मागून कोणीतरी म्हणालं. मग बायांच्या बाजूनेही तेच आलं.

दादा मास्तरांच्या कानाशी लागले. "काहीतरी करा."

मास्तरांकडे शाल उरली नव्हती. पण पुण्यतिथ्या चालवलेल्या माणसाला हे पक्कं ठाऊक असतं, की माणसांना एकदम गप्प करणारी एकच गोष्ट आहे. गावात शिरताना एका कार्यकर्त्याने त्यांना सांगितलं होतं, "उकंडराव गेल्यातच जमा हायेत." मास्तरांनी जमा धरली.

इंद्रभानच्या हातातून माइक हळुवार काढून घेत ते जड आवाजात म्हणाले, "बंधूभगिनींनो, बोलताना शब्द सुचत नाहीत. या गावाचा आधारवड, माजी सरपंच उकंडराव आपल्यातून निघून गेले आहेत. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून आपण त्यांना श्रद्धांजली वाहूया."

सगळी सभा उभी राहिली. दादांनी डोळे मिटले. इंद्रभानचीही मान खाली गेली. मेलेल्या माणसासमोर तारीख मागणं त्याला बरं दिसलं नसतं. तारीख गेली, त्याच्या मनात आलं, याही खेपेला गेली. कलाबाईला घरी जाऊन काय सांगायचं?

त्या शांततेत बायांच्या मधून उकंडरावांची सून चांगुणा शेजारणीला विचारत होती. ती हळूच विचारत होती, पण सगळं गाव गप्प असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

"कोन मेलं म्हन्ते वो? मामंजीले तं मी आत्ताच दूध-भाकर चारून आली."

दोन मिनिटं झाली नव्हती आणि मधेच बसावं की नाही, हे कोणालाच कळेना.

मग ओट्यावरून, भोंग्याच्या अगदी खालून, घोगरा आवाज आला. "ए मास्तर. मले ऐकू येऊन राह्यलं बे."

उकंडराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते. अंगात बंडी, गालावर दाढीचे पांढरे खुंट, डोळे मात्र जागे. "घरात पडलो होतो. भोंगा म्हने मी मेलो. म्हटलं, पाहून तं येऊ कोन कोन रडते. कोनीच रडून नाही राह्यलं."

सभेत कोणीतरी फिसकन हसलं आणि मग हसू आवरेना. दादा मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते स्टेजवरून उडी मारून ओट्यावर गेले, उकंडरावांच्या पाया पडले आणि मागे हात करून म्हणाले, "शाल." कार्यकर्त्याने इंद्रभानच्या खांद्यावरची शाल ओढून दिली. दादांनी ती म्हाताऱ्याला पांघरली. "मास्तरांची चूक झाली, काका. तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य मिळो."

"मिळो," उकंडराव म्हणाले, आणि त्यांनी दादाचं मनगट धरलं. आजारी माणसाची पकड होती, पण हात सोडवून घ्यायचा तर पुढे दीडशे मोबाइल चालू होते. "हे शाल आता माही. मेलेल्यावर टाकलेलं वापस घेत नसतेत. आन् इंद्रभान काय म्हनत होता? मले तुमी आज मारलं. उद्या नेसान कोठून? त्याच नाल्यातून ना?"

"काका, आपण बसून बोलू. उद्या बंगल्यावर..."

"उद्याचा भरोसा डाक्टरनं देल्ला नाही मले. आत्ता सांग."

दादांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आपल्या चपला पाहत होते.

"पुढच्या पावसाळ्याआधी," दादा म्हणाले. "शब्द आहे माझा."

"माइकात सांग."

दादांनी माइकात सांगितलं.

इंद्रभान घरी आला तेव्हा कलाबाईला सगळं आधीच कळलं होतं. पोरांनी मोबाइलवर तिला तीनदा दाखवलं होतं. तो म्हणाला, "झालं काम. मिरगाच्या आंधी पूल."

"हाव," ती म्हणाली. "कोनत्या सालच्या मिरगाच्या, थे नाही विचारलं."

"तुले कशातच समाधान नाही."

"मले पूल पायजे, समाधान कायले पायजे." पण त्या रात्री जेवताना तिने त्याला न मागता वरून तूप वाढलं.

दादा निवडून आले. उन्हाळ्यात पुलाचं भूमिपूजन झालं. मांडव घातला, फीत कापली, चिंतामण मास्तरांनी सूत्रसंचालन केलं आणि या वेळी कोणालाच उत्तर द्यायला बोलावलं नाही. मग एक जेसीबी आला. त्याने दोन्ही काठांना खोल खड्डे घेतले, मधले पाय ठेवायचे दगड उचलून बाजूला टाकले आणि दुसरीकडे काम आहे म्हणून निघून गेला. मृगात खड्डे भरले. पूर्वी निदान दगड तरी होते, आता तेही नव्हते. इंद्रभानने दोनदा तहसीलला खेट्या घातल्या. तिथे त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, अतिशय आदराने वागवलं.

श्रावणात नाल्याला सगळ्यांत जास्त पाणी आलं. तिरडी दोराने पलीकडे ओढावी लागली. एका बाजूला गावची पोरं होती, दुसऱ्या बाजूला वस्तीची, आणि दोराचं पहिलं टोक कमरेला बांधून इंद्रभान पाण्यात उतरला होता. कलाबाई काठावर उभी होती. ती शेवटपर्यंत तिथून हलली नाही.

तिरडी उकंडरावांची होती. ते वारले त्याच श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी.